एक मुंगी दाखवा, वहिनी

थोमच्या संत्र्याच्या बागेत शिरायचं तर आधी हातापायांना राख चोळायची, हे कालव्याच्या दोन्ही काठांवरच्या माणसांना ठाऊक होतं. तिच्या दाराशी राखेचा डबा कायम भरलेला असे. राख चोळायचा कंटाळा करणाऱ्या व्यापाऱ्याला ती अडवत नसे. तो चार झाडं ओलांडून मान झटकत, सदरा उपसत परत आला की ती शांतपणे म्हणायची, "ओळख झाली ना? आता राख घ्या."

त्या सोनमुंग्या. तांबूस पिवळ्या, लांब तंगड्यांच्या. झाडावरची जिवंत पानं एकमेकींच्या कमरा धरून ओढायच्या आणि आपल्याच अळ्यांच्या तोंडच्या रेशमाने शिवून घरटी करायच्या. त्या झाडावर नांदत असल्या की हिरवा ढेकूण फळाला सोंड लावायला येत नाही, आणि आला तर परत जात नाही. ढेकणाने टोचलेलं संत्रं आतून सुकतं आणि ऐन रंग भरायच्या वेळी देठ सोडून पडतं. त्या मुलखातली गुलाबी संत्री नववर्षाला पूर्वजांपुढे मांडायची असतात. एकदा नववर्ष सरलं की त्यांना कुत्रं विचारत नाही. म्हणून थोमच्या सासरी पिढ्यान् पिढ्या मुंग्या पाळत आले होते.

थोम मात्र खाऱ्या पाण्याच्या काठची, खेकडे धरणाऱ्यांची लेक. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन होडीतून या गोड्या पाण्यात आली, तेव्हा पहिल्याच सकाळी तिच्या मानेवर मुंग्यांचा गोळा पडला आणि तिने सगळी आळी गोळा होईल अशी किंकाळी फोडली. सासरे, खोय त्यांचं नाव, शिडीवर उभे होते. ते खाली उतरले, तिच्या मानेला राख लावली आणि म्हणाले, "तुझ्याकडे खेकडे चावतात, इथे या चावतात. फरक काय?" त्या दिवसापासून ती त्यांच्या मागे मागे फिरू लागली.

खोयनी तिला सगळं शिकवलं. झाडाझाडांमध्ये बांबूच्या कामट्या टाकून पूल कसे बांधायचे, उन्हाळ्यात मेलेल्या कोंबडीची आतडी कुठल्या फांदीला लटकवायची, दोन वेगळ्या गोतांच्या मुंग्या जवळ आल्या की त्यांना कसं लांब ठेवायचं. दर वर्षी कोरड्या महिन्यांत ते होडी घेऊन पाणथळ रानात जात, टोपलीभर घरटी फांद्यांसकट कापून आणत आणि बागेत टांगत. सहा महिने मुंग्या जोमात असत. मग हळूहळू विरळ होत आणि नाहीशा होत. "रुसल्या," सासरे म्हणत. "रान आठवलं त्यांना." आणि पुन्हा होडी काढत.

त्यांच्या घराण्यात घरटं फाडून आत कधी कुणी पाहिलं नव्हतं. मुंग्यांचं घर फाडणाऱ्याचं स्वतःचं घर फाटतं, असा तिथला समज. तो त्यांच्या वडिलांचा होता, आजोबांचाही. सगळं आयुष्य मुंग्यांत गेलेल्या त्या माणसाने मुंग्या आत काय करतात हे एकदाही पाहिलं नाही.

मग एका पहाटे धुक्यात वाळूच्या बोटीने थोमच्या नवऱ्याची होडी उलटवली. वर्षभरात सासरेही गेले. त्या कोरड्या महिन्यांत थोम एकटीच रानात गेली, टोपलीभर घरटी आणली आणि विळी घेऊन अंगणात बसली. सासूबाई दारातून ओरडल्या, "थोम, काय करतेस?"

"फाटायचं ते फाटून झालंय, आई," ती म्हणाली आणि पहिलं घरटं चिरलं.

बावीस घरटी चिरली. एकवीस घरट्यांत मुंग्या होत्या, अळ्या होत्या, पांढरी निजलेली पिल्लं होती. बाविसाव्यात, सगळ्यांत उंच फांदीवरच्यात, एक जाड पोटाची, बोटाच्या पेराएवढी मुंगी होती आणि बाकीच्या सगळ्या तिच्या अंगावर पांघरुणासारख्या पसरल्या होत्या. तेव्हा तिला कळलं की कुणी रुसत नव्हतं. अंडी घालणारी एकच होती, आणि तिला सासरे दर वर्षी रानातच ठेवून येत होते.

ती राणी थोमने बागेच्या टोकाच्या झाडावर नेऊन सोडली. ती नऊ वर्षं नांदली. थोमच्या बागेत, आणि चर ओलांडून दिराच्या अर्ध्या बागेतही, एक झाड बिनमुंगीचं राहिलं नाही. आजूबाजूच्या सगळ्या बागांत फवारणी होत असताना या दोन बागांत पंप आला नाही. लोक बघायला येत. तिला 'मुंगीवाली' म्हणत. ते नाव तिला आवडायचं, पण ती आवडल्याचं दाखवत नसे.

आता थोम चौपन्न वर्षांची होती आणि राणी म्हातारी झाली होती.

हे तिला दोन वर्षांपूर्वीच कळलं. घरट्यांत अंडी दिसेनात. पंखवाले नर तेवढे दिसत. उंच झाडं चढून रानातून दुसरी राणी काढणं आता तिच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. म्हणून तिने नवी राणी वाढवायची ठरवली, अगदी पहिल्या अंड्यापासून. पहिल्या वर्षी तिने रानातल्या, हाताला येणाऱ्या घरट्यांतून पंखवाल्या तरुण राण्या काढल्या, बांबूच्या नळकांड्यात ठेवल्या. त्यांनी अंडी घातलीच नाहीत. दोन महिन्यांनी वाळून गेल्या. उडून, नराला भेटून, स्वतःचे पंख स्वतः मोडून खाली आलेलीच राणी खरी, हे त्या वर्षी कळलं. दुसऱ्या वर्षी तशी मिळाली. पण थोमला राहवेना. ती रोज नळकांडं उघडून बघायची. अंडी झाली, अळ्या झाल्या, आणि विसाव्या दिवशी तिच्या डोळ्यांदेखत राणीने एक एक अळी उचलून शांतपणे खाल्ली. घाबरलेली राणी पिल्लं परत पोटात घालते, हे त्या वर्षी कळलं.

हे तिसरं वर्ष. झाडांवर मुंग्या इतक्या विरळ झाल्या होत्या की मोजाव्यात. आणि दिराच्या बागेत लिंबाएवढी हिरवी संत्री टपाटप पडू लागली होती.

दीर लाम तिच्याहून चार वर्षांनी लहान. तोंडाने फटकळ, कामाला वाघ. पडलेली फळं टोपलीत भरून त्याने तिच्या ओट्यावर ओतली.

"हे बघा वहिनी. तुमच्या फौजेचा पराक्रम."

"माझ्याकडेही पडतायत, भावजी."

"तुमच्याकडे तुम्ही जपा. मी फवारणीवाल्या दांगला पंप घेऊन बोलावतोय."

"तुमच्या ओळींत औषध मारलं की वारा ते माझ्याकडे आणणार. मग वर्षभर इथे एक मुंगी तगायची नाही. नवी राणी आणूनही उपयोग नाही."

"कुठली नवी राणी?"

तिने त्याला आत नेलं. त्याच दिवशी पहाटे, रात्रीच्या पावसानंतर, तिने उतरलेली राणी लपायला शिरावी म्हणून झाडांना बांधलेल्या पानांच्या चोवीस सुरळ्या उघडून पाहिल्या होत्या. तेवीस रिकाम्या. एका सुरळीत ती बसली होती, हिरव्या पोटाची, पंख मोडलेली, अंग चोरून. थोमने श्वास रोखून ती पानासकट उतरवली. बांबूचं नळकांडं उभं चिरून दोन फाका केल्या होत्या. एका फाकेत ते पान ठेवलं, दुसरी वर लावून दोऱ्याने बांधली, तोंडांना ओलं कापड.

लामने नळकांड्याकडे पाहिलं. "यात आहे?"

"आहे."

"या बोटभर बांबूतून तुम्ही माझी दोन एकर बाग राखणार."

"हिच्या पहिल्या मुंग्या बाहेर आल्या की पुढचं मला येतं. रानातल्या घरट्यांतली निजलेली पिल्लं आणून हिच्याजवळ ठेवायची. ती इथे जागी झाली की हिलाच आई समजतात. महिन्यात फौज उभी राहते. पण आधी हिची स्वतःची हवी. त्याशिवाय ती कुणाला जवळ करायची नाही."

"दोन वर्षं हेच ऐकतोय."

"ऐकताय खरं."

लाम दारापर्यंत जाऊन वळला. मग म्हणाला, "सहाव्या महिन्यात बाबांचं दर वर्षीचं श्राद्ध. सगळे घरी असतील. त्या दिवशी मला हिची एक मुंगी दाखवा, वहिनी. एकच. चालती. दाखवलीत तर या वर्षी दांग येणार नाही, माझं अर्धं पीक पडलं तरी चालेल. नाहीतर दुसऱ्या सकाळी पंप तुमच्या दारातूनच जाईल, आणि तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

तिने मनातल्या मनात दिवस मोजले. तेहतीस. पहिल्या मुंगीला तेवढेच लागतात. कधी दोन कमी, कधी चार जास्त.

"ठरलं," ती म्हणाली.

आता प्रश्न एवढाच होता की ठेवायचं कुठे. स्वयंपाकघरात काळ्या साखरमुंग्या, त्या तिळाएवढ्या असतात पण राणीला जिवंत फाडतात. पडवीत पाली. माळ्यावर उंदीर. अंगणात कोंबड्या. घरात एकच जागा अशी होती की जिथे कुणी उगाच हात घालत नाही, धूळ पुसायची तरी आधी हात धुऊन, मनात परवानगी मागून. पूर्वजांच्या चौरंगावर, सासऱ्यांच्या तसबिरीमागे तिने पाण्याने भरलेला वाडगा ठेवला, वाडग्यात वीट, विटेवर नळकांडं. पाणी ओलांडून काही येणार नाही. सासूबाईंनी पाहिलं, पण काही म्हटलं नाही.

आणि मग न बघणं सुरू झालं.

थोमने आयुष्यात कष्टाची बरीच कामं केली होती, पण त्या महिन्याएवढं जड काम तिने केलं नाही. रोज सकाळी ती वाडग्यात पाणी घाली, कापडाच्या टोकाला दोन थेंब ओल देई आणि हात पाठीमागे बांधून उभी राही. आत राणी काही खात नाही. आपल्याच अंगातले पंखांचे स्नायू विरघळवून ती पिल्लांना भरवते. ती आत जिवंत आहे की सातव्या दिवशीच मेली, हे बाहेरून कळायला काही मार्ग नव्हता. दहाव्या दिवशी थोमने कान लावला. मग स्वतःचीच लाज वाटून मागे सरली. अठराव्या दिवशी हात दोऱ्याच्या गाठीपर्यंत गेला. तिने तो हात दुसऱ्या हाताने धरून खाली आणला आणि मागच्या चरात जाऊन उगाचच तासभर गाळ उपसला.

लाम रोज येता जाता विचारी, "बाळंतपण कुठवर आलं?"

"तुम्हाला काय करायचंय? पाळणा बांधताय?"

"पाळणा नाही. पंपाची नळी धुवून ठेवली."

फळं पडतच होती. थोम ती रोज सकाळी उचलून लपवल्यासारखी चरात टाकायची. उचलताना प्रत्येक फळाच्या अंगावरची ती सुईच्या टोकाएवढी खूण तिला दिसायची. तिसाव्या दिवशी तिच्या मनात आलं, की मी न बघता एका मेलेल्या किड्याला पाणी घालत असेन तर? ते मनात आल्यावर रात्रीपर्यंत जेवण गेलं नाही.

श्राद्धाच्या दिवशी पहाटेपासून होड्या लागू लागल्या. चुलींवर मडक्यातली मासळी शिजत होती, केळीच्या पानात बांधलेल्या चिकट भाताच्या वळकट्या वाफाळत होत्या. लामची बायको आणि थोम घामाने निथळत होत्या. नळकांडं हलवावं का, हा विचार थोमने शंभर वेळा केला. आज तेहतिसावा. पिल्लं आत असलीच तर आज उद्यावर आलेली. हलवलं, धक्का लागला आणि राणी बिथरली तर? तिने ते तिथेच राहू दिलं. तसबिरीमागे कोण बघतंय.

पण चौरंग मांडायचा मान सेनआत्यांचा. सासऱ्यांची थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली, ताठ. त्या दुपारी स्वतःच्या बागेतला केळ्यांचा अख्खा घड घेऊन आल्या. पानं वाढली, दारूचे पेले भरले, फळं रचली. घड मोठा होता, पुढे मावेना, म्हणून तो त्यांनी तसबिरीला टेकवून मागे ठेवला. थोम तेव्हा चुलीपाशी होती.

सगळे हात जोडून उभे राहिले. लाम आता घरातला वडील मुलगा, त्याने तीन उदबत्त्या पेटवल्या आणि वडिलांना जेवायला बोलावलं. उदबत्त्या विझेपर्यंत चौरंगावरच्या कशालाही हात लावायचा नाही. तोवर गेलेला माणूस जेवत असतो. बाकीच्यांनी मग बसून हळू आवाजात बोलायचं आणि वाट बघायची.

थोमने मान वर केली ती तेव्हा. केळ्यांच्या घडाचं एक शेवटचं केळं वाडग्यावरून वाकून नळकांड्याला टेकलं होतं. आणि त्या केळ्यावरून, शाईची बारीक रेघ ओढावी तशी, काळ्या साखरमुंग्यांची रांग चालली होती. घडातच आल्या होत्या त्या. रेघेचं टोक कापडापाशी पोहोचून तिथे थोडं जाड झालं होतं.

उदबत्त्या अजून पाऊणहून जास्त उरल्या होत्या.

तिने लामकडे पाहिलं. लाम तिच्याकडेच बघत होता. तिची नजर कुठे आहे हे पाहून त्यानेही तिकडे पाहिलं. त्याला दिसलं. मुंग्यांच्या घरात वाढलेला माणूस, त्याला समजवायला काही नव्हतं.

"भावजी," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "केळी."

त्याने खाली पाहिलं. "उदबत्ती होऊ दे, वहिनी."

"तोवर काही उरायचं नाही."

लामला काहीच करायला नको होतं, नुसतं बसून राहिलं तरी तो जिंकत होता. पण त्याच्या कपाळावर घाम आला होता.

थोम उठली. उपरण्यासारखा गळ्यात घेतलेला चौकड्यांचा पंचा तिने काढून बाजूला ठेवला, म्हणजे कशात अडकायला नको, आणि चौरंगाकडे गेली.

"थोम," सेनआत्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळी खोली गप्प झाली. "हात मागे घे. माझा भाऊ जेवतोय."

"जेवू देत, आत्याबाई. त्यांच्या पानाला मी हात लावत नाही."

"चौरंगाला लावतेस ना. आमच्या घरात हे कुणी केलं नाही. खाऱ्या पाण्याकडे करत असतील."

थोमचा हात हवेत थांबला. आत्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. सासूबाई चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिला जे करायचंय ते करू दे. मी तिच्याशी नंतर बोलेन." त्या बोलण्यात राग होता की नाही, हे कुणालाच कळलं नाही. थोमलाही नाही.

तिने पेटत्या उदबत्त्यांवरून हात घातला. निखाऱ्याचं टोक कोपराखाली टेकलं, कातडी चरचरली. तिने हात ओढला नाही. तसबिरीमागून तिने वाडगा, वीट आणि नळकांडं एकत्र, न हिंदकळता, दोन्ही हातांनी उचललं आणि कुणाकडे न बघता ओट्यावर आली.

ओट्यावर बसून तिने आधी बाहेरच्या काळ्या मुंग्या ओल्या बोटाने पुसून काढल्या. कापडाची कड एका जागी सैल होती. तिथून आत बाहेर चाललं होतं.

सावली पडली. लाम मागे येऊन उभा होता.

"उघडणार?"

"आत शिरल्यात. किती, माहीत नाही."

"उघडलंत तर ही पिल्लं खाईल. तुम्हीच सांगितलंत."

"नाही उघडलं तर त्या खातील."

तिने दाताने दोरा तोडला. वरची फाक उचलली.

राणी जिवंत होती. पोट बारीक झालेलं, हिरवा रंग तपकिरीकडे गेलेला. ती पांढऱ्या ढिगावर चारी बाजूंनी पाय रोवून उभी होती आणि तिच्या मागच्या पायाला एक काळी मुंगी चिकटली होती. दुसरी पोटाखाली शिरत होती. आणखी दोन पानाच्या कडेने. थोमने कोंबडीच्या पिसाचं टोक ओलं करून पोटाखालची टिपली. कडेची एक टिपली. राणीच्या पायाला लटकलेली मात्र सुटेना. पीस दोनदा नुसतं हवेत फिरलं. चष्मा आत चुलीपाशी राहिला होता.

"द्या," लाम म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला, पीस घेतलं, श्वास धरला आणि त्या तिळाएवढ्या मुंगीला राणीच्या पायावरून असं काढलं की राणीने पाय झटकलाही नाही. मग कडेची उरलेली. मग तो ढिगावर वाकला आणि मोजू लागला. ओठ हलत होते.

पाच छोट्या अळ्या. थोडी अंडी. नऊ निजलेली पिल्लं, पाय छातीशी घेतलेली, त्यातल्या दोघांचे डोळे काळे झालेले, म्हणजे जागी व्हायच्या बेतातली. चालती मुंगी एकही नव्हती.

लाम हळूच म्हणाला, "मुंगी नाही, वहिनी."

"नाही," थोम म्हणाली. खोटं बोलायला काही जागाच नव्हती, आणि असती तरी ती बोलली नसती. "आज नाही."

"आज ठरलं होतं."

"हो. आजच ठरलं होतं."

ती फाक पुन्हा लावायला तिने हात पुढे केला, तेवढ्यात राणी हलली. ती वळली, काळ्या डोळ्यांच्या दोन पिल्लांपैकी एक तिने जबड्यात धरलं आणि उचललं.

गेल्या वर्षी असंच झालं होतं. असंच उचललं, दोनदा फिरवलं आणि डोक्याकडून सुरुवात केली. एकदा सुरू झाली की ती थांबली नव्हती.

"खातेय?" लामने विचारलं.

"माहीत नाही."

"झाका ना मग."

"आता झाकलं तर नक्की खाईल. हलू नका. सावली हलवू नका."

दोघंही तसेच राहिले, तो गुडघ्यांवर, ती फाक हातात धरून. आतून भांड्यांचा आवाज आला आणि कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं. दारात माणसं जमली होती, पण ओट्यावर कुणी पाय ठेवला नाही. राणी पिल्लाला फिरवत होती. एकदा. दोनदा. मग तिने ते पानावर टेकवलं, वर वाकली आणि तिचे जबडे त्याच्या छातीपाशी गेले. काहीतरी फाटलं. पातळ, पांढरं, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं. तिने ते ओढलं. थोमने डोळे मिटले नाहीत. मिटावेसे फार वाटले होते.

"पाय," लाम म्हणाला.

"काय?"

"पाय हलला. वहिनी, मागचा पाय हलला."

तिला एवढं बारीक दिसत नव्हतं. चष्म्याशिवाय तिला फक्त राणीचं डोकं खालीवर होताना दिसत होतं. लाम नाक बांबूला लागेल इतका वाकला होता आणि तो धापा टाकल्यासारखा, तोंड बाजूला वळवून, श्वास सोडत होता, म्हणजे वारा आत जायला नको. "दुसरा सुटला. अजून गुंतलाय... ही चाटतेय त्याला. खात नाही, चाटतेय. मिशी सुटली. थांबा. थांबा. आडवीच आहे अजून."

थोमने फाक तशीच अधांतरी धरून ठेवली.

"उभी राहिली," तो शेवटी म्हणाला. "पडली. उभी राहिली. चालतेय."

दुधावरच्या सायीच्या रंगाची, डासाएवढी, ती मुंगी दोन पावलं चालली आणि राणीच्या पोटाला टेकून थांबली. थोमने फाक वर ठेवली. दोरा बांधायला गेली तर चष्म्याशिवाय टोक सापडेना, तेव्हा लामने गाठ मारली. दोनदा मारली.

आत उदबत्त्या विझल्या होत्या. पानं उतरवली गेली, माणसं जेवायला बसली. सेनआत्या मात्र न जेवता उठल्या, केळ्यांचा घड चौरंगावर तसाच ठेवून होडीत जाऊन बसल्या आणि त्यांच्या नातवाला जेवण अर्धं टाकून वल्हं हातात घ्यावं लागलं. थोम काठापर्यंत गेली, हात जोडून उभी राहिली. आत्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पुढची तीन वर्षं त्या या घरात आल्या नाहीत. सासूबाईंनी त्या संध्याकाळी तिच्या कोपराखालच्या फोडाला तूप लावलं. जे नंतर बोलणार होत्या ते बोलल्या नाहीत, आणि ते काय होतं हे थोमला शेवटपर्यंत कळलं नाही.

लाम मासळीच्या हातानेच ओट्यावर येऊन फोनवर बोलत होता. पलीकडे दांग होता. त्याने पंप होडीत चढवून ठेवला होता आणि आता नको म्हणताय तर का, ते सांगा, असं त्याचं म्हणणं होतं.

"अरे, नको म्हणजे नको. कारण काय सांगू तुला." लामने आत पाहिलं. थोम भिंतीशी बसून, नळकांडं मांडीवर घेऊन, गार झालेला भात खात होती. "घरात बाळंतीण आहे. औषधाचा वास चालत नाही."

पलीकडून, कुणाची बाळंतीण, असं विचारलं गेलं.

"आमच्या वहिनीची," लाम वैतागून म्हणाला. "तुला काय करायचंय कोण ते. ठेव फोन. आणि ऐक, उद्या पहाटे तुझी होडी रिकामीच आहे ना? मग ती इकडे आण. आम्हाला रानात जायचंय, घरटी आणायला. आणि होय, राख घेऊन ये."